सिसिगवर मेयोनीज? आंजेलिसमध्ये असं बोलू नका!

नमस्कार मंडळी!

गेल्या व्हिडिओखाली पुन्हा तेच दोन प्रकार. एक, "ताई, फिलिपिन्सला मेडिकलला चाललोय, तिकडे खायचं काय?" आणि दुसरा, "ताई, घरी सिसिग केलं, वरून मेयोनीज घातलं, एक नंबर झालं!" पहिल्याचं उत्तर पटकन देऊन टाकते. दुसरं आहे सिसिगचं, म्हणजे इथल्या भाजून चिरलेल्या डुकराच्या पदार्थाचं. त्यासाठी मात्र नीट बसा, कारण त्या मेयोनीजच्या कमेंटवरचे लाइक बघून माझं डोकं तापलंय.

नवीन मंडळींसाठी सांगते, मी असते फिलिपिन्सच्या पाम्पांगा प्रांतात. मनिलाच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटर. आंजेलिस शहर, शेजारी क्लार्क. अख्ख्या फिलिपिन्समध्ये पाम्पांगाचे लोक, म्हणजे कापाम्पांगान, स्वयंपाकात सगळ्यात वरचढ समजले जातात. आणि ते स्वतःही तसंच समजतात, त्यात अजिबात लाजत नाहीत.

आता भराभर. सकाळी तोसिनो, म्हणजे मुरवलेलं गोडसर डुकराचं मांस, सोबत लसणाचा परतलेला भात आणि अंडं. दुपारी कारिंदेरियात जायचं, म्हणजे आपली खानावळ. पातेली मांडलेली असतात, झाकण उचलून बघायचं आणि हवं त्याकडे बोट दाखवायचं. भाषा येत नसेल तरी पोट भरतं. संध्याकाळी रस्त्यावर इसाव, म्हणजे काडीला लावून भाजलेली आतडी, आणि क्वेक-क्वेक, म्हणजे केशरी पिठात तळलेली लावीची अंडी. दोन्ही व्हिनेगरमध्ये बुडवून खायची. व्हिनेगरची बरणी सगळ्यांची एकच असेल तर काडी एकदाच बुडवायची. चावा घेतलेली काडी परत बुडवलीत तर गाडीवाली काही बोलणार नाही, पण शेजारचे सगळे बघतील!

शाकाहारी मंडळी, तुमच्यासाठी खरं सांगते, अवघड आहे. भाजी म्हणून जे समोर येतं त्यात बहुतेक वेळा डुकराचे तुकडे किंवा कोळंबीची आंबवलेली चटणी असते. पण सकाळी खांद्यावर काठी आणि काठीला दोन डबे लटकवून "ताहोssss" ओरडत एक माणूस जातो ना, त्याला थांबवा. गरम मऊशार टोफू, वर गुळासारखा पाक आणि साबुदाणा. शिवाय तुरोन आहे, म्हणजे पातळ पारीत गुंडाळून तळलेलं केळं, आणि पुतो आहेत, म्हणजे तांदळाचे वाफेवरचे छोटे केक. उपाशी राहणार नाही तुम्ही.

झालं. आता सिसिग.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डुकराचं डोकं, म्हणजे मुख्यतः कान आणि गालफड, आधी उकडायचं, मग कोळशावर भाजायचं, मग बारीक चिरायचं. त्यात कांदा, मिरची, कोंबडीचं यकृत आणि वरून कालामान्सी, म्हणजे इथलं छोटं हिरवं लिंबू. बास.

या सगळ्यात लोक नेमकी कोणती पायरी गाळतात? भाजायची. दर वेळी! उकडलं की थेट तेलात टाकतात, कुरकुरीत झालं की म्हणतात जमलं. अहो, ते कुरकुरीत तळलेलं मांस झालं. सिसिगची चव कोळशाच्या धुरात आहे. कातडीला फोड यायला हवेत, कडा काळपट व्हायला हव्यात. कोळसा नसेल तर गॅसवर जाळी ठेवून भाजा, वांगं भाजता तसं, पण भाजा. आणि चिरायचं सुरीने, मिक्सरमध्ये नाही. दाताखाली कानाची कूर्चा कटकन आली पाहिजे. मिक्सरमध्ये तिचा लगदा होतो. भाजल्यावर थोडं गार होऊ द्या, गरम असताना कातडी सुरीला चिकटते.

मग होतं काय, तुम्ही भाजलेलं नसतं, म्हणून धुराची चव नसते. लिंबू चमचाभर पिळलेलं असतं, म्हणून आंबट नसतं. पदार्थ नुसताच तेलकट लागतो, काहीतरी कमी आहे असं वाटतं, आणि हात जातो मेयोनीजच्या बाटलीकडे. म्हणजे तेलकटावर आणखी तेल! कमी असतं ते आंबट. तिथे लिंबू पिळा.

आता तुम्ही म्हणाल, ताई, पदार्थ बदलतातच की. बदलतात ना. सिसिगच केवढं बदललंय बघा. १७३२ साली एका स्पॅनिश धर्मगुरूने कापाम्पांगान भाषेचा शब्दकोश छापला, त्यात सिसिगची नोंद आहे, आणि त्यात डुक्कर नाहीच! कच्ची पपई किंवा पेरू, त्यावर मीठ, मिरी, लसूण, व्हिनेगर. म्हणजे कोशिंबीरच. गरोदर बायकांना डोहाळ्यांत आंबट लागतं, तेव्हाही सिसिग द्यायचे. पुढे त्यात डुकराचे उकडलेले कान आले.

क्लार्कला १९९१ पर्यंत अमेरिकेचा प्रचंड मोठा हवाई तळ होता. तिथल्या भटारखान्यात डुकराची डोकी कोणालाच नको असायची, ती बाहेर स्वस्तात मिळायची, असं इथे सगळे सांगतात. आणि मग आंजेलिसमध्ये रेल्वेरुळांजवळ टपरी चालवणाऱ्या लुसिया कुनानान, सगळ्यांच्या आलिंग लुसिंग, म्हणजे आपल्या भाषेत लुसिंगमावशी, यांनी १९७४ च्या सुमारास ते कान भाजून, चिरून, कांदा-यकृत घालून विकायला सुरुवात केली. १९९१ ला पिनातुबो ज्वालामुखी फुटला, अमेरिकन तळ सोडून गेले, सगळीकडे राख झाली. सिसिग मात्र तोवर मनिलापर्यंत पोचलं होतं.

पपई गेली, पेरू गेला, डुक्कर आलं, कोळसा आला, आता चरचरणारी लोखंडी ताटलीही आली. जवळजवळ तीनशे वर्षांत काय टिकलं? आंबट! तेवढंच टिकलं. आणि मेयोनीज नेमकं तेच झाकतं. म्हणून इथल्या लोकांना राग येतो. २०१७ मध्ये आंजेलिसच्या नगर परिषदेने ठराव करून सिसिगला शहराचा वारसा जाहीर केलं, यावरून समजून घ्या प्रकरण किती गंभीर आहे.

हां, एक कमेंट मात्र अभ्यासू होती. "मेयोनीज हे डुकराच्या मेंदूऐवजी वापरतात." बरोबर आहे, काही घरांत मऊपणासाठी मेंदू घालत, आणि तो नको म्हणून मेयोनीज आलं. मान्य. पण मऊपणा हवाय तर यकृत आहे की! बारीक चिरून घाला, मांसाला छान धरून राहतं, थोडा कडवटपणाही देतं. मेयोनीजने सगळं एकाच चवीचं होतं.

वसईच्या एका ताईंनी विचारलंय, कालामान्सी कुठून आणू? आणू नका. कागदी लिंबू घ्या, त्यात थोडा संत्र्याचा रस पिळा, बरंच जवळ जातं. पण चूल बंद केल्यावर पिळायचं. तापलेल्या ताटलीवर पिळलंत तर वास उडून जातो. गोव्याच्या मंडळींनी माडाचं व्हिनेगर थोडं वापरलं तरी चालेल. तुमच्याकडे सोरपोतेलमध्ये डुक्कर, यकृत आणि व्हिनेगर एकत्र येतंच, तुम्हाला मी काय शिकवणार.

आणि "ताई, किडे खाण्याचा व्हिडिओ कधी?" असं विचारणारे. कामारू इथे आहेत, भातशेतातले किडे, लसूण-व्हिनेगरमध्ये परततात, आणि चांगले लागतात. पण तोंड वेडंवाकडं करून, किंचाळत खाण्याचा व्हिडिओ मी करणार नाही. शेजारच्या टेबलावर एखादी आजी तेच शांतपणे भाताबरोबर खात असते हो! तिच्यासमोर कसली नाटकं करायची?

बरं, शेवटी कामाचं. हॉटेलात अंडं फोडलेलं सिसिग बऱ्याचदा न विचारता येतं, मनिलात तर फारच. तिथे म्हणायचं, "वालांग इत्लोग, वालांग मेयो," म्हणजे अंडं नको, मेयोनीज नको. आंजेलिसमध्ये एखाद्या काकूंना खूश करायचं असेल तर कापाम्पांगान भाषेत, "आलांग एबुन," म्हणजे अंडं नको. पण हे ऑर्डर देतानाच सांगा. ताटली समोर आल्यावर सांगून काही होत नाही, तोवर अंडं शिजून मांसाला चिकटलेलं असतं. आणि कालामान्सी जास्तीची मागा, सहसा त्याचे वेगळे पैसे लावत नाहीत.