मिसळीची रांग आणि ॲनफिल्डचं तिकीट

श्रोतेहो, नमस्कार.

रविवारी सकाळी नऊला आपल्या नाशिकमधल्या कुठल्याही नावाजलेल्या मिसळीच्या ठिकाणी जाऊन उभं राहा. बाहेर एमएच झिरो टू, एमएच झिरो फोर अशा मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रांग. नाशिकची एमएच पंधरा शोधावी लागते. नाव पुकारायला पाऊण तास. पुढच्या टेबलावरचे पाहुणे रस्सा थंड होईपर्यंत फोटो काढतायत आणि मागे उभा असलेला नाशिककर मनातल्या मनात म्हणतोय, "अरे बाबा, खा आता आणि ऊठ." ठाण्याच्या माणसाला आपली मिसळ आवडते याचा त्याला अभिमानच असतो. त्याचं भांडण आहे ते टेबलावरून.

खेळाच्या जगात गावातले चाहते आणि लांबचे चाहते यांच्यात जी धुसफूस चालते, ती याच टेबलाची आहे. लांबच्याला खेळ कळत नाही, त्याचं प्रेम खोटं आहे, असं तोंडाने म्हटलं जातं. खरा मुद्दा बहुतेक वेळा तीन गोष्टींवर येऊन थांबतो: जागा, पैसा आणि वेळ.

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या फुटबॉल क्लबचं उदाहरण घेऊ, कारण नाशिकमध्येही त्या लाल जर्सी कमी नाहीत. त्यांच्या ॲनफिल्ड मैदानात साधारण ६१ हजार माणसं बसतात. सीझन तिकीट, म्हणजे पूर्ण हंगामाचं, ज्याच्या घरात आहे तो ते सोडत नाही आणि नव्याने मागणाऱ्यांची यादी वर्षानुवर्षं हलत नाही. उरलेल्या तिकिटांसाठी आधी पैसे भरून सभासद व्हायचं आणि मग सोडतीत नाव यायची वाट बघायची. लांबून येणारा हौशी माणूस काय करतो? विमानाचं तिकीट आधीच काढलेलं असतं, म्हणून तो जेवणासकटची महागडी जागा घेतो नाहीतर काळ्या बाजारात जातो. त्याला एकदाच जायचं असतं, तो देतो तिप्पट. पण त्या तिप्पट भावावरून क्लबला वाटतं की एवढी किंमत चालते. आणि मग ज्याला वर्षातून लीगच्या घरच्या १९ सामन्यांना यायचंय, त्याच्या खिशाला चाट.

हे २०१६ मध्ये अगदी उघड झालं. क्लबने नव्या स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं. ६ फेब्रुवारीला संडरलँडविरुद्ध सामना होता. लिव्हरपूल दोन-शून्यने पुढे. बरोबर ७७व्या मिनिटाला हजारो चाहते उठले आणि मैदानाबाहेर चालते झाले. उरलेल्या वेळात संडरलँडने दोन गोल मारले आणि सामना बरोबरीत सुटला. पुढच्या काही दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि दरवाढ मागे घेतली. काही तिकिटं आता शहरातला, म्हणजे एल अक्षराने सुरू होणारा पोस्टकोड असलेल्यांसाठी राखून ठेवतात. आपल्या भाषेत सांगायचं तर, एमएच पंधरावाल्यांसाठी दोन टेबलं वेगळी.

आता वेळेचं बघा. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात इंग्लंडमध्ये फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. लोकांनी घरी बसू नये, गावातल्या लहान क्लबच्या मैदानावर जावं, म्हणून १९६०च्या दशकापासून ही प्रथा आहे. म्हणजे तीन वाजताचा सामना आपण इंदिरानगरच्या सोफ्यावर बसून बघू शकतो, आणि ॲनफिल्डपासून दोन गल्ल्या सोडून राहणारा, तिकीट न मिळालेला म्हातारा काय करतो? रेडिओ लावतो. (आम्हा रेडिओवाल्यांना ही प्रथा फार आवडते, हे कबूल करायला हरकत नाही.)

तिकडचे तीन म्हणजे आपले किती, यात नवखे लोक दरवर्षी फसतात. इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. उन्हाळी वेळेत त्यांच्यापेक्षा आपण साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच. म्हणून तीनचा सामना आपल्याकडे सप्टेंबरमध्ये साडेसातला आणि डिसेंबरमध्ये साडेआठला. चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, तिचा त्यांचा रात्री आठचा सामना हिवाळ्यात आपल्या दीड वाजता सुरू होतो आणि साडेतीनच्या सुमारास संपतो. दूधवाला यायला फारसा वेळ उरलेला नसतो.

आशियातल्या प्रेक्षकाला सोयीची वेळ म्हणजे तिकडे भरदुपार. २३ डिसेंबर २०१७ ला रिअल माद्रिद आणि बार्सिलोना यांचा सामना माद्रिदमध्ये दुपारी एक वाजता ठेवला, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच झाले होते. आपण चहा घेत बघितला. तिकडच्या माणसाचं दुपारचं जेवण गेलं. जर्मनीत चाहते याहून कडक. सोमवार रात्रीच्या सामन्यांविरुद्ध त्यांनी २०१८ मध्ये मैदानात टेनिसचे चेंडू फेकून खेळ थांबवला, डॉर्टमुंडच्या प्रेक्षकांनी ऑग्सबर्गविरुद्धच्या सामन्यावर बहिष्कार टाकला. २०२१-२२ च्या हंगामापासून सोमवारचे सामने बंद. तिथे बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हातात असतात, त्यामुळे ओरड ऐकावीच लागते.

एप्रिल २०२१ मध्ये तर गावचा आणि लांबचा हा भेद कागदावर आला. युरोपातल्या १२ बड्या क्लबांनी सुपर लीग नावाची स्वतःची वेगळी स्पर्धा जाहीर केली आणि त्या चर्चेत जुन्या, गावातल्या चाहत्यांसाठी "लेगसी फॅन", म्हणजे वारशाने आलेले, असा शब्द वापरला गेला. जगभरचे बाकीचे भविष्यातले चाहते! इंग्लंडचे सहाही क्लब दोन दिवसांत मागे फिरले. पण लांबच्या चाहत्याचं नाव पुढे करून मालक काय करू शकतात, ते गावच्या लोकांनी तेव्हा पाहिलं, आणि तो संशय अजून गेलेला नाही.

मग लांबच्याने काय सांभाळावं? तिकडे जाणाऱ्यांसाठी नेमकं सांगतो. एक म्हणजे, अर्धा एका संघाचा आणि अर्धा दुसऱ्या संघाचा असा जो मफलर मैदानाबाहेर विकतात, तो घेऊ नका. पर्यटक म्हणून कपाळावर शिक्का बसतो. त्याहून महत्त्वाचं आहे ते बसायची जागा. आपल्याकडे वानखेडेवर मुंबईचा निळा आणि चेन्नईचा पिवळा शेजारी बसून एकच वडापाव खातात. इंग्लंडमध्ये पाहुण्या संघाच्या लोकांचा कोपरा वेगळा असतो. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगमध्ये, तीन हजार जागा किंवा मैदानाच्या दहा टक्के, यातला जो आकडा लहान असेल तेवढा. त्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा आहे आणि ते आधी किती बाहेरगावचे सामने केले त्यावर मिळतं. ते मिळालं नाही म्हणून यजमानांच्या स्टँडमध्ये पाहुण्यांची जर्सी घालून बसलात, तर सुरक्षारक्षक बाहेर काढतील. तिकिटाचे पैसेही गेले.

आणि लिव्हरपूलला गेलात तर "द सन" हे वर्तमानपत्र हातात दिसू देऊ नका. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात चेंगराचेंगरी झाली आणि त्यात लिव्हरपूलचे ९७ चाहते गेले. चार दिवसांनी त्या पत्राने पहिल्या पानावर दोष चाहत्यांवरच टाकला. तो आरोप खोटा होता. शहराने ते विसरलेलं नाही. हे ज्याला माहीत असतं, त्याला उच्चार कुठला आणि पासपोर्ट कुठला असं कुणी फारसं विचारत नाही.

आता आपल्याकडे येऊ. श्रोतेहो, नाशिककर हा क्रिकेटमध्ये मुळातच लांबचा चाहता आहे. मुंबई दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर, पण आपला जिल्हा मुंबईच्या संघटनेत नाही; आपण महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे, म्हणजे कारभार पुण्याहून. रणजी करंडक मुंबईने ४२ वेळा जिंकला, महाराष्ट्राने दोनदा, तोही १९३९-४० आणि १९४०-४१ ला. त्यामुळे आपल्या कट्ट्यावर एक मुंबईवाला, एक धोनीवाला, एक कोहलीवाला, आणि रणजीचं नाव काढलं की तिघेही गप्प. आयपीएलमध्ये पुण्याला मधे २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षं संघ होता. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या आदेशाने एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर गेले, आणि पुण्याचा संघ विशाखापट्टणमला जाऊन यजमान झाला. २०१७ ला अंतिम सामना मुंबईविरुद्ध एका धावेने हरला आणि संघच संपला. प्रेम करायचं तरी कुणावर?

पुढच्याच वर्षी उलटं झालं. कावेरीच्या पाण्यावरून झालेल्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याजवळच्या गहुंज्याला आले. २० एप्रिल २०१८ ला राजस्थानविरुद्धच्या सामन्यासाठी चेन्नईहून खास रेल्वेगाडी भरून सुमारे हजार चाहते आले. चेन्नईच्या वॉटसनने त्या दिवशी शतक ठोकलं. गहुंजे पिवळं झालं, आणि त्या पिवळ्यात मराठी बोलणारे किती होते ते मैदानात बसलेल्यांना विचारा. तिथे कुणी कुणाला "बाहेरचा" म्हणालं नाही, कारण घर दोघांचंही नव्हतं.

२०२३ ला महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली आणि आपल्या नावाचा संघ आला, ईगल नाशिक टायटन्स. त्या वर्षीचे सगळे सामने गहुंज्याला. म्हणजे नाशिकचा संघ बघायला नाशिककराने दोनशे किलोमीटरहून जास्त जायचं. जाणार असाल तर गोम कुठे आहे ते ऐका. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव इथपर्यंत वेळेचा हिशेब जमतो. फसतो तो चाकणला. चाकणहून तळेगावकडे वळलं की कारखान्यांचे कंटेनर आणि पाळी सुटल्याची गर्दी एकाच वेळी रस्त्यावर येते. वीस-बावीस किलोमीटरला दीड तासही लागतो. साडेसातच्या सामन्यासाठी नाशिक बाराला सोडा, एकला नाही.

वानखेडेचं वेगळं. जायला पंचवटी एक्सप्रेस आहे, यायला नाही. सामना साडेअकराला संपतो आणि पंचवटी संध्याकाळीच गेलेली असते. गाडीने गेलात तर ५ जून २०२५ पासून आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला आहे, कसारा घाट टळतो. दुचाकीला तिथे मनाई आहे. गाडीत एक जण असा न्या ज्याला क्रिकेटचं वेड नाही, आणि परतताना स्टिअरिंग त्याच्याकडे द्या. तिकिटाबद्दल एकच: ओळखीच्या ओळखीने व्हॉट्सॲपवर आलेला क्यूआर कोडचा फोटो विकत घेऊ नका. तोच फोटो आणखी चौघांना गेलेला असतो. गेटवर पहिला जो स्कॅन होईल तो आत, बाकीचे चर्चगेटला.

घरी बसून बघणाऱ्यांची अडचण निराळी. मोबाइलवरचं प्रक्षेपण मैदानापेक्षा साधारण अर्धा मिनिट मागे असतं, कधी त्याहून जास्त. तुमचा स्ट्रायकर अजून चेंडू घेऊन पळतोय आणि ग्रुपवर "गोऽऽल" येऊन पडलेला असतो. ग्रुप म्यूट करा, नाहीतर सगळ्यांनी एकाच पडद्यावर बघा. सोसायटीच्या हॉलमध्ये रात्री दीडचा सामना लावायचा तर आवाज बंद ठेवून समालोचन हेडफोनवर. ओरडणं मात्र कुणाला जमलेलं नाही, आणि सेक्रेटरीचं पत्र त्यासाठीच येतं.

एका खेळात ही भांडणं जवळजवळ दिसत नाहीत. २०२४ मध्ये टोरांटोला बुद्धिबळाच्या कँडिडेट्स स्पर्धेत आपला विदित गुजराथी दुसऱ्या फेरीत अमेरिकेच्या नाकामुराला हरवत होता, तेव्हा तिकडे दुपार होती आणि इकडे डाव रात्री बाराला सुरू झालेला. नाशिकमध्ये जागा राहिलेला, केरळमधला आणि कॅनडातला, सगळे पटाचं तेच चित्र बघत होते. एकाने पाहिलं म्हणून दुसऱ्याची खुर्ची गेली नाही.

खुर्चीचा प्रश्न नाही असं आपल्या घरचंही एक ठिकाण आहे, हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, म्हणजे आपलं गोल्फ क्लब. जानेवारी २०२५ ला महाराष्ट्र आणि बडोदा यांचा रणजी सामना इथेच झाला. ऋतुराज गायकवाड खेळत असला की चेन्नईची पिवळी जर्सी इथेही उगवते, आणि रोज फेऱ्या मारणारे आजोबा तिच्याकडे ज्या नजरेने बघतात तीच ॲनफिल्डची नजर. त्यांचंही काही चुकत नाही. त्याच महिन्याच्या शेवटी दिल्लीला कोहली रणजी खेळला, हजारो लोक आले, तो सहा धावांवर बाद झाला आणि स्टँड रिकामे झाले. दिल्लीचे बाकीचे फलंदाज तेव्हा कुणासाठी खेळत होते?

पुढचा सामना लागला की या. खेळ साडेनऊला सुरू होतो, साडेअकराला जेवण, दोन दहाला चहा, साडेचारच्या सुमारास दिवस संपतो. नाशिकच्या थंडीत पहिला तास खेळपट्टीत ओल असते आणि चेंडू हलतो, म्हणून दहाला पोहोचून "काय झालं, किती गेले?" विचारू नका, आधी या. स्वेटर घाला आणि टोपीही आणा, अकरानंतर दोन्ही लागतात. पाण्याची बाटली गेटवर अडवली तर वाद नको. आणि बाहेरगावची जर्सी घातलेला कुणी शेजारी बसला, तर त्याला आपला डावखुरा फिरकीपटू सत्यजित बच्छाव कुठल्या टोकाकडून गोलंदाजी करतोय ते दाखवा. तो चौथ्या दिवशीही आला, तर डब्यातलं अर्धं थालीपीठ त्याचं.

नमस्कार.