गाडी सडत नाही, पत्रा सडतो

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'सडलेल्या स्पोर्ट्स कारमधून कामाचे पार्ट काढणे' आणि वेळ दिलाय पाऊण तास, त्यातली दहा मिनिटं प्रास्ताविकात गेली, माझ्या परिचयात तर मलाच नवीन अशा दोन-तीन गोष्टी समजल्या. असो. इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरी ताडपत्रीखाली काहीतरी झाकून ठेवलंय हे मला माहीत आहे, आणि ते कधी एकदाचं घरातून जाते याची वाट पाहून राहिलेल्या वहिनी मागच्या रांगेत बसल्यात. वहिनी, आज तुमच्या बाजूनं बोलणार आहे, थोडा धीर धरा.

मला एकच गोष्ट डोक्यात भरवायची आहे. गाडी सडली असं आपण म्हणतो तेव्हा सडलेला असतो पत्रा, जेमतेम मिलीमीटरभर जाडीचा. इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, तो वरून लाल होते पण आत शाबूत असते. पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे कार्बोरेटर ॲल्युमिनियमचे, त्यांना लाल गंज लागतच नाही. त्यातले पितळी जेट, काचेची मीटरं, गिअर तर तेलात बुडालेले. पण आपण पत्रा पाहून अख्ख्या गाडीचा निकाल लावतो, एक तर 'किलोवर देऊन टाक' नाही तर 'रिस्टोर करू, मग काही पण होऊ दे'. शिस्तीत खोलायची आणि तिच्या पार्टांवर दुसऱ्या चार गाड्या चालू ठेवायच्या, हा मधला रस्ता आपल्याकडे कोणाला पटतच नाही. खोलणाऱ्या माणसाकडे लोक असं पाहतात जसं काही त्यानं घरातलं माणूस विकायला काढलं.

आता ते काटोलकडचं सांगतो. ज्यांनी ऐकलंय त्यांनी चहा घेऊन या.

काटोलकडे एका संत्र्याच्या बागेत एमजीए उभी होती. एमजीए म्हणजे 1955 ते 1962 मध्ये इंग्लंडात ॲबिंग्डनला बनलेली दोन सीटची उघडी गाडी, एक लाखाच्या वर बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. ही इकडे कशी आली तर म्हणे मनसरकडच्या मँगनीजच्या खाणीवर कोणी साहेब होता, त्याची. खरं-खोटं त्या साहेबाला माहीत. गाडी काळ्या मातीत, वरून संत्र्याला पाटानं पाणी, म्हणजे मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत सुद्धा गाडीच्या पोटाखाली ओल. लोक म्हणतात नागपूरची हवा कोरडी, इथे गंज कुठला, अरे बाप्पा, गंज हवेतून कमी आणि मातीतून जास्त चढते. आमच्या पोरानं खालच्या पट्टीला जॅक लावला तर गाडी जागची हलली नाही, जॅकच आत गेला. आणि फ्लोअर पाहायला वाकलो तर फ्लोअर नाहीच, कारण एमजीएचा फ्लोअर प्लायवूडचा असते. तो वाळवीनं खाल्ला होता! गाडीला वाळवी लागलेली मी तरी दुसरी पाहिली नाही.

मालक काकाजी मोठे सज्जन माणूस, पण त्यांच्या पुतण्यानं मोबाईलवर लंडनचा कुठला तरी लिलाव पाहिला होता. भाव सांगितला पन्नास लाख. मी म्हटलं, काकाजी, ती लंडनची गाडी रस्त्यावर चालते ना. तर म्हणतात, "हे बी चालतच होती ना, माह्या बापानं चालवली." यावर काय बोलणार? मी दर काही महिन्यांनी जायचो, भाव चाळीस व्हायचा, मग दिवाळीत पुन्हा पन्नास व्हायचा, आणि मधून पावसाळे जायचे. घासाघीस चालू असली तरी गंज काही थांबत नाही, राजेहो.

मग एक दिवस गेलो तर गाडीला बोनेट नाही, डिक्कीचं झाकण नाही, दोन्ही दारं नाहीत. गावात भंगारवाला आला होता, पुतण्याला पैशाची नड होती. तिथल्या सालदारानं मला सगळं करून दाखवलं, भंगारवाल्यानं खिशातून लोहचुंबक काढलं, मडगार्डला लावलं, चिकटलं. बोनेटला लावलं, पडलं. दाराला लावलं, पडलं. डिक्कीला लावलं, पडलं. काही बोलला नाही, फक्त पाना मागितला. एमजीएच्या या तिन्ही गोष्टींचा पत्रा ॲल्युमिनियमचा असते, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत होतं सांगा? गाडीवर गप्पा मारणाऱ्या अख्ख्या नागपूरपेक्षा त्या माणसानं तिला बरोबर ओळखलं, अर्ध्या मिनिटात. मी इतवारीत लोहा ओळीपर्यंत विचारत गेलो, तोवर वितळून गेलं होतं. त्या बोनेटमध्ये आता कोणाच्या तरी घरी साबुदाणा वडे तळणं चालू असेल.

त्या भंगारवाल्यावर माझा राग नाही. माझा राग आहे रिस्टोर करणाऱ्यांवर, सगळ्यांवर नाही, पण त्या एका जातीवर जी सडलेली गाडी घेते, उत्साहात एका रविवारी अर्धी खोलते, नटबोल्ट एकाच डब्यात टाकते, मग लग्न, बदली, मूल, आणि तो डबा माळ्यावर. किंवा दुसरी जात, नवा पत्रा ठोकून त्यात डिझेल इंजिन बसवते. अशीच एक गाडी मला मोठ्या अभिमानानं दाखवली, इथेच, नागपुरात, नाव घेत नाही, ते समोर बसले असतील. 2021 च्या केंद्राच्या नियमात व्हिंटेज गाडी म्हणजे पन्नास वर्षांच्या वरची आणि चेसीस म्हणजे खालचा सांगाडा, बॉडी आणि इंजिन यात मोठा फेरफार नसलेली. नवीन नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी, नंबरात 'व्हीए' येते. डिझेल इंजिन टाकलं की ते व्हिंटेजपण गेलं. म्हणजे जुनी पण राहिली नाही, नवी पण झाली नाही, आणि मूळ इंजिन कुठंय विचारलं तर म्हणतात "गराजवाल्यानं ठेवून घेतलं."

किती वेळ झाला? वीस मिनिटं राहिली? पंधरा. बरं.

तर शेवटी काकाजींचा सौदा जुळला, उरलेली गाडी आली आणि खोलायला घेतली. क्रम लक्षात ठेवा, भंगाराच्या काट्याच्या उलट चालायचं. काट्यावर जे हलकं ते आधी आणि जास्त जपून काढायचं. चेसीस काट्यावर भरपूर जड आणि नेमकं तेच कोणी विचारत नाही. मुठीत मावणारं येगर कंपनीचं मीटर, समोरच्या काचेच्या फ्रेमचे बाजूचे खांब, टपाचा सांगाडा, स्पोक चाकांचे पंखावाले नट, यासाठी लोक जगभर शोधत फिरतात. एमजीएला बाहेरून दाराचं हँडलच नसते, आत हात घालून दोरी ओढायची. ती दोरी ज्या छोट्याशा कुलपाला जाते ते कुलूप जपा, दार गेलं तरी.

त्या पंखावाल्या नटांवरून आठवलं, त्यावर 'अनडू' असं लिहून बाण असते. डाव्या बाजूचे आटे सरळ आणि उजव्या बाजूचे उलटे. एका गराजमध्ये मी पाहिलं, दोन माणसं उजवीकडचा नट अर्धा तास हातोड्यानं घट्ट करून राहिले होते, आणि सैल का होत नाही म्हणून एकमेकांना शिव्या देऊन राहिले होते. बाण नाकासमोर.

जाम बोल्ट. जोर लावू नका. रॉकेल, डिझेल, जे असेल ते आदल्या रात्री सोडा, सकाळी डोक्यावर हातोडीचे चार ठोके, मग आधी थोडा आवळायचा, कच्चकन आवाज आला की मग सोडायचा. नाही आला तर नट कापा. बोल्ट बाजारात मिळते, ज्या पार्टात तो घुसलाय तो मिळत नाही. पेचकसवाले स्क्रू असतील तर ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, नाही तर खाच जाते आणि मग तुम्ही ग्राइंडर काढता, आणि ग्राइंडर काढला की माणूस थांबत नाही.

इंजिन जाम असलं तर स्टार्टर लावायचा नाही, कृपा करा. प्लग काढा, चारही सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं सोडा आणि काही आठवडे विसरून जा. मग वरचं झाकण काढून व्हॉल्व्ह अडकलेत का पाहा, नाही तर व्हॉल्व्ह उघडणारे पुशरॉड वाकतात, आणि फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या दात्यांवर पहार टेकवून केसभर पुढे, केसभर मागे. आमचे चाचा मिस्त्री हे काम रेडिओ लावून करतात, घाई झाली की आवाज वाढवतात.

आता दोन कार्बोरेटर, एसयू कंपनीचे. प्रत्येकाचा पिस्टन त्याच्याच टोपीसाठी घासून बसवलेला असते. एकाचा दुसऱ्यात घातला की अडकणार. आणि आतून पॉलिश पेपर मारायचा नाही, नुसतं थिनर आणि कापड.

आता जे बोलायला खरं बोलावलं होतं ते, धावत. या इंजिनाचं नातं घरचं आहे. सुरुवातीच्या एमजीएचं इंजिन बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज, 1489 सीसी, बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी 73 मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल 89. आपल्या जुन्या ॲम्बेसेडरचं पेट्रोल इंजिन त्याच कुळातलं, त्याच मापाचं. नंतरची इसुझूच्या 1.8 लिटर इंजिनवाली नाही, आधीची. हेड, कॅम, कार्बोरेटर यात फरक आहे, समोरासमोर ठेवून मोजायचं, पण बेअरिंग, गॅस्केट असं बरंच विदर्भातल्या जुन्या दुकानांच्या माळ्यावर अजून निघते. म्हणजे तुमच्या सडलेल्या गाडीचा ब्लॉक दुसऱ्याच्या ॲम्बेसेडरला आणि त्याच्या माळ्यावरचा माल तुमच्या मित्राच्या एमजीएला. पार्टांची अशी अदलाबदल नागपुरात वहीवर चालू करा, एवढंच मला मांडायचं होतं.

लोखंडी पार्टांचा गंज उतरवायला बादली, पाणी, धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर. पार्ट निगेटिव्हला, भंगार सळई पॉझिटिव्हला. स्टेनलेसची सळई नाही, विषारी क्रोमियम निघते. ॲल्युमिनियम त्यात टाकलं तर सोडा पार्टच खाईल. हायड्रोजन निघते, गच्चीवर करा आणि तिथे बिडी नको. वायरिंग कापू नका, कापड सडलं असलं तरी नव्याचा नमुना तेच आहे, तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी किल्लीची, हिरवी फ्यूजनंतरची, काळी अर्थ. आणि या गाडीला पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला, मागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, हे विसरलात तर डायनॅमोचं भलं होवो.

हो हो, घंटा ऐकली. एकच, कागद. गाडी कायमची मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. चेसीस नंबरची पट्टी सुटी कोणाला विकायची नाही, कितीही गोड बोलला तरी, कारण ती त्याला पार्ट म्हणून नको असते. प्रश्न चहाच्या टेबलावर घेऊ, आणि ज्यांच्या घरी ताडपत्री आहे त्यांनी येताना वहिनींना सोबत आणा, तारीख त्याच ठरवतील.