लेगिंग वर ओढ

दादरच्या एका व्यायामशाळेचा हॉल, आम्ही कॅमेरा घेऊन आलोय, संध्याकाळचे साडेसहा, बाहेर जुलैचा पाऊस. दारात छत्र्यांचा ढीग, पंखे फुल स्पीडवर तरी सगळे घामाने चिकचिकलेत. जिम्नॅस्टिक्सच्या बारला लटकलीय ती नऊ वर्षांची पोरगी गेले चार महिने एकाच गोष्टीच्या मागे आहे, किप.

किप म्हणजे काय, तर खालच्या बारला धरून झोका घ्यायचा, अंग पुढे पार लांब सोडायचं, झोका संपतासंपता पाय बारपाशी आणायचे आणि परत येताना बार पायांवरून कमरेपर्यंत सरकवत, हात सरळ ठेवून, वर यायचं. दोन सेकंदांचा मामला. पण अनइव्हन बार्सवरचं, म्हणजे एक खाली आणि एक वर अशा दोन आडव्या बारवरचं रुटीन बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं, त्यामुळे किप नाही तर पुढचं काहीच नाही. मोठ्यांच्या स्पर्धेत खालचा बार १७० सेंटिमीटरवर असतो, वरचा २५०, हिच्यासाठी ताईंनी, म्हणजे तिच्या कोचनी, खूप खाली घेतलाय.

आपल्याकडे जिम्नॅस्टिक्स म्हटलं की २०१६ चं रिओ ऑलिम्पिक, दीपा कर्माकर, व्हॉल्टला (धावत येऊन टेबलावरून उडी) चौथी, ब्राँझ ०.१५० गुणांनी गेलं. नवीन मुली येतात त्या व्हॉल्टकडेच धावतात, बारवर तळहात सोलतात ना. खरंतर रोमानियाच्या नादिया कोमानेचीला १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये ऑलिम्पिकमधला पहिला परफेक्ट टेन मिळाला तो ह्याच बार्सवर, स्कोअरबोर्डाला दहा दाखवताच येईनात म्हणून १.०० दिसलं, आणि वय काय, तर १४.

बरं, हिची ताकद कमी पडतेय का? अजिबात नाही. दोन वर्षं दोरीचा मल्लखांब केलाय, शिवाजी पार्कच्या आसपास राहिलं की ते आलंच, तिथलं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं आहे. आणि गंमत अशी की तीच ताकद आडवी येतेय. अडकलं की ही कोपर वाकवून अंग वर खेचते, दोरीवर ते चालतं, इथे कोपर वाकलं की झोका मेला. आई सांगत होती, घरी कपडे वाळत घालायच्या दांडीवर प्रॅक्टिस करायला गेली, दांडी खाली आली, ओल्या चादरींसकट.

"अगं, पाय इतक्या लवकर का उचलतेस? पुढे पूर्ण लांब हो, मग उचल."

"ताई, थांबलं की पडल्यासारखं वाटतं."

हेच आहे सगळं, ते अर्ध्या सेकंदाचं थांबणं. म्हणून ताईंनी आठवडाभर तिला बारला हातच लावू दिला नाही. जमिनीवर उताणं झोपायचं, हातात प्लास्टिकचा पाइप, पाय वर, आणि पाइप घोट्यापासून मांडीपर्यंत पायाला चिकटवून आणायचा. "लेगिंग कशी वर ओढतेस? तशी ओढ!" मग मागे भिंतीच्या शिडीला रबर बँड बांधून तेच, हात सरळ ठेवून. कंटाळवाणं आहे, पोरी तोंड वाकडं करतात, पण मला तरी वाटतं अर्धी किप तिथेच होते.

आणि पावसाळ्याचा वेगळाच ताप. हवा इतकी दमट की चॉक, म्हणजे हात घसरू नये म्हणून लावायची पांढरी पूड, हाताला लावला की थोड्या वेळात त्याचा चिखल, हात घसरायला लागले की पोरगी बार आणखी घट्ट आवळते, आणि आवळलेलं मनगट वर येताना फिरत नाही. किपमध्ये शेवटी मनगट बारच्या वर यायलाच लागतं, नाहीतर बार पोटाशी आणि माणूस तिथेच लोंबकळत.

ताई बाजूला उभ्या, एक हात कमरेखाली, दुसरा मांडीमागे. गेल्या महिन्यात दोन्ही हातांनी उचलत होत्या, आता कमरेखाली दोन बोटं. हे उचलणं वाटतं तितकं सोपं नाही, जास्त उचललं तर पोरीला वाटतं जमलं आणि तिचं टायमिंग कधीच येत नाही, कमी पडलं तर धपकन खाली. हात काढायचा असला की त्या सांगून काढतात. "न सांगता काढला तर पुढच्या वेळी ती झोक्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघणार."

"आता हात नाहीये हं."

पहिला झोका, पाय लवकर, खाली मॅटवर. दुसरा, तेच. तिसऱ्याला ती थांबली, आम्हाला कॅमेऱ्यातून पण दिसलं, अंग पार लांब, मग पाय, मग बार मांड्यांवरून वर वर, आणि कमरेपाशी अडकली, उजवं मनगट फिरलेलं, डावं खालीच.

"डावं! डावं मनगट!"

फिरलं. आली वर. कोपरं दोन्ही वाकलेली, चेहरा लालबुंद, पण वर. बाकीच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या, आम्ही पण.

ताईंनी टॉवेल पुढे केला. "हात पूस, चॉक लाव, आता सरळ कोपरांनी."