टोपीचे तुकडे आणि एक खोगीर

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय आपल्या रोजच्या बोलण्यातला नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या गावोगावी भरणारे रोडिओ, म्हणजे उधळत्या घोड्यावर-वळूवर टिकायच्या आणि दोराचा फास टाकायच्या स्पर्धा. टीव्हीवर त्याची झलक आपण सगळ्यांनीच पाहिलेली असते. वळू उसळतो, पाठीवरचा माणूस हवेत जातो, मातीत आपटतो, टोपी उचलून पळत सुटतो. मला त्या वळूबद्दलही बोलायचंय, पण त्याहून जास्त बोलायचंय ते मैदानाभोवती बसलेल्या गावाबद्दल. आणि त्यातही एक गोष्ट सांगायचीय, १९११ सालची, पेंडलटन नावाच्या गावची. माझ्या घरी येणाऱ्या जवळपास प्रत्येकानं ती ऐकलेली आहे. आज तुमची पाळी.

त्याआधी थोडी मागची हकिकत. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं, तेव्हा टेक्सासमध्ये गुरं उदंड होती आणि उत्तरेकडच्या शहरांत मांसाला चांगला भाव होता. मग गुरांचे कळप शेकडो मैल हाकत कॅन्ससमधल्या रेल्वे स्टेशनांपर्यंत न्यायचे आणि तिथून गाडीत चढवायचे, असा धंदा सुरू झाला. हे काम करणारी तरुण पोरं म्हणजे काऊबॉय. घोडा कसा माणसाळवायचा, दोराचा फास कसा टाकायचा, खोगीर कसं असावं, हे सगळं त्यांनी मेक्सिकन गुराख्यांकडून उचललं. आणि इतिहासकारांचा अंदाज असा, की दर चार काऊबॉयमागे सुमारे एक कृष्णवर्णीय होता. पुन्हा सांगते, चारात एक. सिनेमावाल्यांनी तो चौथा माणूस कितीतरी वर्षं पडद्यावर येऊच दिला नाही, याचा मला मनापासून राग आहे. लहानपणी आपण जे काऊबॉय पाहिले ते सगळे गोरेपान, दाढी केलेले, कपड्यांना इस्त्री केलेले. दिवसभर गुरांमागच्या धुळीत राहणारा माणूस असा दिसतो का?

पुढे काटेरी तारेची कुंपणं आली, कुरणं बंद झाली, रेल्वे सगळीकडे पोहोचली. वीस-पंचवीस वर्षांत कळप हाकायचं ते काम आटपलं. अंगातली कसब मात्र राहिली. चार जुलैला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला, गावातली माणसं जमायची आणि कोण चांगला दोर टाकतो, कोण घोड्यावर टिकतो, याच्या पैजा लागायच्या. ॲरिझोनातल्या प्रेस्कॉटमध्ये १८८८ साली अशी स्पर्धा रीतसर भरली, ती आजही भरते. वायोमिंगमधल्या शायेनची १८९७ पासून चालू आहे. पेंडलटनची १९१० पासून.

नियम अगदी थोडक्यात सांगते. आज घोड्यावर किंवा वळूवर आठ सेकंद टिकायचं असतं. एका हातानं धरायचं, दुसरा हात मोकळा. तो मोकळा हात कुठंही टेकला, की बाद. हा मोकळा हात लक्षात ठेवा, पेंडलटनच्या गोष्टीत तो लागणार आहे. गुण निम्मे स्वाराला आणि निम्मे जनावराला, म्हणजे घोडा नुसताच उभा राहिला तर स्वाराचंही नुकसान.

आता गावाला काय मिळतं? सर्वांत मोठं उदाहरण ह्यूस्टनचं. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या लेकी-सुना, मुलं-जावई तिथं आहेत, त्यांना विचारा. मार्च महिन्यात सगळं शहर बूट-टोपी घालून फिरत असतं. १९३२ साली जनावरांचं प्रदर्शन म्हणून सुरू झालेला हा रोडिओ पस्तीस हजारांवर स्वयंसेवक चालवतात. आणि तेव्हापासून आजवर टेक्सासमधल्या मुलांच्या शिक्षणासाठी साठ कोटी डॉलरहून जास्त रक्कम त्यांनी दिली आहे. साठ कोटी डॉलर. शाळकरी मुलांनी घरी वाढवलेल्या जनावरांचा तिथं लिलाव होतो. पहिल्या आलेल्या जनावराला डोळे फिरतील अशी बोली लागते. ठरलेला वाटा त्या मुलाला मिळतो आणि वरची रक्कम शिष्यवृत्तीच्या निधीत जाते.

मला तिथला सगळ्यांत आवडतो तो वासरं धरायचा खेळ. मैदानात काही वासरं सोडतात आणि वासरांच्या साधारण दुप्पट पोरं-पोरी. हातात फक्त एक दोराची मोरखी. वासरू धरायचं, मोरखी चढवायची आणि ओढत मधल्या चौकोनात आणायचं. मुलगी वासराच्या मानेला मिठी मारून फरफटत जाते, तोंडात माती, पण हात सोडत नाही. तिनं वासरू आणलं की तिला पैसे मिळतात, पण खाऊला नाही, तर स्वतःचं जनावर विकत घेऊन वाढवायला. आणि ज्यानं ते पैसे दिले त्याला तिनं जनावराची खबरबात नियमितपणे लिहून कळवायची. जनावर खातं किती, वजन किती वाढलं, आजारी पडलं का. आपल्याकडे बक्षीस म्हणून मुलांच्या हातात ढाल ठेवतात, ती कपाटावर धूळ खाते. ज्याला नंतर रोज चारा-पाणी करावं लागतं असं बक्षीस मुलांना का देऊ नये? माझं हे म्हणणं जुनंच आहे, आज पुन्हा सांगितलं.

शायेनला रोडिओच्या दिवसांत काही ठरलेल्या सकाळी सगळ्यांना फुकट न्याहारी असते. पॅनकेक, म्हणजे आपल्या जाडसर गोड धिरड्यासारखं. माणसं इतकी येतात की पीठ भिजवायला काँक्रीट कालवायचं यंत्र लावतात. स्थानिक मंडळांची माणसं मोठमोठ्या तव्यांवर भाजतात, उलथन्यानं उडवतात आणि स्काऊटची पोरं पळत जाऊन ती झेलतात. तिकीट नाही, नाव विचारणं नाही.

आणि २००४ सालापासून रोडिओंमध्ये एक गुलाबी शर्टाची चळवळ आहे. स्तनांच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या टेरी व्हीटली यांच्या पुढाकारानं ती सुरू झाली. एका ठरलेल्या दिवशी हे रांगडे घोडेस्वार गुलाबी शर्ट घालून मैदानात उतरतात आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठी पैसे जमवले जातात. जमलेला पैसा त्या त्या भागातच खर्च होतो. हे महत्त्वाचं, म्हणून परत सांगते. ज्या गावात जमला, त्याच गावात.

जनावरांच्या हालांचा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल, आणि तो यायलाच हवा. तिथंही यावर वाद आहे, निदर्शनं होतात. मोठ्या रोडिओंमध्ये पशुवैद्य हजर ठेवावा लागतो, नियम आहेत. तरी पळत्या वासराला फास टाकून खाली पाडायची स्पर्धा मला बघवत नाही, आणि ती बंद झाली तर मला वाईट वाटणार नाही. बैलगाडा शर्यतींवर आपण २०१४ ची बंदी पाहिली आणि २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही पाहिला. परंपरा टिकवायची असेल तर जनावराची काळजी आधी घ्या, हे दोन्हीकडे सारखंच लागू आहे.

तर आता पेंडलटन.

ऑरेगन राज्याच्या पूर्वेकडचं हे गाव. गव्हाची शेतं, मेंढ्या, लोकरीची गिरणी. जवळच उमाटिला, कायूस आणि वाला वाला या मूळ रहिवासी जमातींची राखीव वसाहत. १९१० साली गावानं 'राउंड-अप' नावाचा रोडिओ सुरू केला आणि पहिल्या वर्षापासून या जमातीही आपले घोडे, आपले तंबू घेऊन आल्या.

दुसऱ्या वर्षी, १९११ साली, उधळत्या घोड्यावर बसायच्या अंतिम फेरीत तिघे उरले. तिघांची नावं सांगते. जॉन स्पेन. जॅक्सन सनडाउन. जॉर्ज फ्लेचर. एक गोरा, एक मूळ रहिवासी, एक कृष्णवर्णीय.

स्पेन ऑरेगनचाच, कसलेला स्वार. सनडाउन नेझ पर्स जमातीचा, प्रसिद्ध नेते चीफ जोसेफ यांचा पुतण्या. १८७७ साली अमेरिकन सैन्यानं त्या जमातीचा पाठलाग केला तेव्हा हा चौदा वर्षांचा पोरगा होता आणि निसटून कॅनडात गेला होता. या फेरीच्या वेळी त्याचं वय पन्नाशीला टेकलेलं. आणि फ्लेचर एकवीस वर्षांचा. जन्म कॅन्ससचा, लहानपणी पेंडलटनला आलेला. गोऱ्यांच्या गावात त्याला फारसं कुणी जवळ केलं नाही, राखीव वसाहतीतल्या लोकांनी केलं. त्यांच्यात तो वाढला, त्यांची भाषा बोलू लागला, घोड्यावर बसायला त्यांच्याकडेच शिकला. अनेक रोडिओंमध्ये त्याला कातडीच्या रंगामुळे उतरूच देत नसत. आणि हे लक्षात घ्या, ऑरेगनच्या राज्यघटनेत तेव्हा असं एक कलम छापलेलं होतं, की बाहेरच्या काळ्या माणसानं या राज्यात येऊन राहू नये. देशाच्या घटनादुरुस्तीनं ते निकामी झालं होतं, पण पुस्तकातून काढलं ते थेट १९२६ साली.

अशा राज्यात, अशा मैदानात, हा एकवीस वर्षांचा फ्लेचर उभा.

तेव्हा घोडा सोडण्याआधी त्याला उभा करायचे आजच्यासारखे लोखंडी कप्पे नव्हते. घोडा उघड्या मैदानात आणायचे. दुसरा एक स्वार आपल्या खोगिराला त्याचा दोर आवळून त्याला धरून ठेवायचा. घोड्याच्या डोळ्यांवर फडकं. तो थरथरतोय, नाक फेंदारतंय. हळूच खोगीर चढवायचं, पट्टा कसायचा, माणूस रिकिबीत पाय घालून वर बसला, की फडकं ओढायचं. मग काय ते तो घोडा आणि तो माणूस.

सनडाउनचा घोडा उसळता उसळता एका परीक्षकाच्या घोड्यावर जाऊन आदळला. सनडाउन पडला, बाद. स्पेन छान बसला, पण बघणाऱ्यांतल्या अनेकांचं म्हणणं पडलं की त्याचा हात टेकला. तो मोकळा हात! मग फ्लेचर. त्यानं अशी काही सवारी केली की लोक उभे राहिले, ओरडायला लागले. मैदानात कुणाला शंका नव्हती.

निकाल लागला. पहिला जॉन स्पेन. बक्षिसाचं खोगीर त्याला. फ्लेचर दुसरा.

मैदान खवळलं. आणि ध्यानात घ्या, खवळलेले ते बहुतेक सगळे गोरे प्रेक्षक होते.

तिथं टिल टेलर नावाचा माणूस होता. उमाटिला काउंटीचा शेरीफ, म्हणजे त्या मुलखाचा पोलीसप्रमुख, लोकांनी निवडून दिलेला. निकाल फिरवणं त्याच्या हातात नव्हतं. त्यानं फ्लेचरची टोपी घेतली. तिचे तुकडे केले. आणि ते तुकडे घेऊन तो प्रेक्षकांत विकायला निघाला. फ्लेचरच्या टोपीचा तुकडा, घ्या! शेतकरी, मेंढपाळ, दुकानदार, ज्यांनी खिशात हात घालून तिकीट काढलं होतं, त्यांनी परत खिशात हात घातला. फेल्टच्या एवढ्याशा तुकड्याला पैसे मोजले. इतके जमले की स्पेनच्या तोडीचं खोगीर फ्लेचरला घेता आलं. त्या दिवसापासून पेंडलटनमध्ये त्याला लोकांचा विजेता म्हणतात.

यानं निकाल बदलला नाही. कागदावर विजेता स्पेनच राहिला, आणि हा अन्याय होता असंच माझं मत आहे. त्या वर्गणीनं तो धुऊन निघत नाही. पण ते तुकडे विकत घेणाऱ्यांना कुणी हुकूम दिला नव्हता, त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि जे पाहिलं त्याला ते जागले. मी रोडिओच्या देणगीबद्दल बोलते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हे येतं. साठ कोटी डॉलर नंतर आले. आधी हे.

पुढे तिघांचं काय झालं? फ्लेचर पहिल्या महायुद्धात गेला, जखमी झाला, मग आयुष्यभर घोड्या-गुरांतच काम करत राहिला. १९७३ साली वारला. २०१४ साली पेंडलटनच्या मुख्य रस्त्यावर त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. टिल टेलरला १९२० साली कैद्यांनी तुरुंग फोडताना गोळी घालून मारलं. त्याचाही अश्वारूढ पुतळा गावात आहे, १९२९ सालचा, शिल्पकार फिमिस्टर प्रॉक्टर. आणि याच प्रॉक्टरनं थकलेल्या सनडाउनच्या मागे लागून त्याला १९१६ साली पुन्हा मैदानात उतरवलं होतं. सनडाउन त्रेपन्न वर्षांचा. आणि तो जिंकला. खोगिरावर कुणाचं नाव कोरायचं विचारलं, तर म्हणाला, माझ्या बायकोचं.

पेंडलटनचा राउंड-अप आजही स्वयंसेवकांच्या जिवावर चालतो. मैदानालगत मूळ रहिवासी जमातींच्या शेकडो तंबूंचं गाव अजून उभं राहतं. राउंड-अपची एक मिरवणूक असते, तिच्यात एकही मोटार चालत नाही. घोडे, खेचरं, बैल, जुन्या बग्ग्या आणि पायी माणसं. ना जनरेटरचा धूर, ना छाती दणाणवणारे कर्णे. आपल्या गणपतीच्या मिरवणुकांचे पुढारी हा कार्यक्रम ऐकत असतील तर त्यांनी एकदा याचा विचार करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

हा राउंड-अप सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात असतो, ह्यूस्टनचा मार्चमध्ये. मुलांकडे जाणार असाल तर तिकिटं त्या बेतानं काढा. आणि ह्यूस्टनला गेलात तर रोडिओनंतर रात्री होणाऱ्या गाण्यांच्या वेळेवर जाऊ नका, चांगले आधी जाऊन बसा. वासरं धरणारी पोरं तेव्हाच मैदानात असतात.

नमस्कार.