आधी प्रकाश, मग लेन्स

मंडळी, नमस्कार. बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय, ‘कीटकांचं मॅक्रो छायाचित्रण आणि त्यासाठी लागणारी साधनं’. मॅक्रो म्हणजे अगदी जवळून, मोठं करून काढलेले फोटो. साधनांकडे मी येणार आहे, सगळं सामान इथे टेबलावर मांडूनही ठेवलंय. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायला मिळावी म्हणूनच मी तुमचं निमंत्रण लगेच स्वीकारलं.

कीटकांचे फोटो काढायचे म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘लेन्स कोणती घेऊ?’ माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, समोरचा कीटक नेमकं काय करतोय? दुसरा, त्याच्यावर प्रकाश कुठून येणार? ही दोन उत्तरं हाताशी असली तर जुन्या पन्नास मिलिमीटरच्या लेन्सवरही काम होतं. ती नसली तर लाखाची लेन्ससुद्धा भुंग्याच्या पाठीवर एक पांढरा जळका ठिपका उमटवून थांबते.

थोडं गणित करू. वन इज टू वन म्हणजे कीटक जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर, कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, उमटतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. आंब्याच्या मोहोरावरचा तुडतुडा चार-पाच मिलिमीटरचा, म्हणजे वन इज टू वनला तो चौकटीच्या सातव्या-आठव्या हिश्श्यात बसतो. याउलट आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ साली जाहीर झालेलं ब्लू मॉर्मन. त्याचे पंख पसरले की बारा ते पंधरा सेंटिमीटर भरतात. ते पूर्ण चौकटीत घ्यायचं तर वन इज टू फोर पुरतं, म्हणजे त्यासाठी मॅक्रो लेन्स लागतच नाही. कोणता कीटक हवाय हे ठरवल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता प्रकाश. जितकं जवळ जाल तितका तो आटतो. वन इज टू वनला पोचेपर्यंत सेन्सरवर पडणारा प्रकाश साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यात अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक, एफ-११ इतकं बारीक ठेवलं तरी फोकसमध्ये येणारा भाग जेमतेम सव्वा मिलिमीटरचा, म्हणून अपर्चर उघडताही येत नाही. वारा पान हलवतोय, आपला हात थरथरतोय. अशा वेळी फ्लॅश हवाच. साधा कॅमेऱ्यावरचा फ्लॅश कमी ताकदीवर, समजा एक-सोळांशावर ठेवला, तर त्याची चमक साधारण एक-दहा हजारांश सेकंदच टिकते. त्यात पानही थांबतं, हातही थांबतो.

पण उघडा फ्लॅश मारायचा नाही. प्रकाश मऊ की कडक हे दिव्याच्या किमतीवर ठरत नाही. कीटकाच्या जागी बसून पाहिलं तर तो दिवा केवढा दिसतो, यावर ठरतं. सूर्य प्रचंड आहे, पण पंधरा कोटी किलोमीटर लांब आहे. आपल्या आकाशात तो अर्ध्या अंशाएवढाच दिसतो, म्हणून दुपारची सावली धारदार. उलट ए-फोर आकाराचा ट्रेसिंग पेपर फ्लॅशपुढे वाकवून मुंगीपासून दहा सेंटिमीटरवर आणा. मुंगीला अर्धं आकाश उजळल्यासारखं होतं. तिच्या अंगावरची लव, डोळ्यांची ठेवण, पोटावरची लकाकी सगळं दिसायला लागतं. या कागदाला फार तर दहा-वीस रुपये पडतात. इथे किती जणांच्या बॅगेत लेन्स आहे? बरेच हात वर आले. आणि ट्रेसिंग पेपर? तिकडे शेवटच्या रांगेत एक ताई आहेत. ताई, पुढे येऊन बसा!

आता माझी आवडती हकीगत. आमच्या कोकणातल्या घरी माडीच्या खिडकीला बाहेरून एका कुंभारमाशीनं मडकं बांधायला घेतलं. पिवळी-काळी, लांब कमरेची गांधीलमाशी असते ती. पोटात पाणी भरून आणते, कोरड्या मातीवर सोडते, गोळी वळते, जबड्यात धरून आणते आणि कडेला लावते. दोन-तीन तासांत गळ्यासकट मडकं तयार. एरवी ते भिंतीवर किंवा वाशावर असतं आणि आत काय चाललंय ते कळत नाही. या माशीनं मात्र जागा निवडली थेट काचेवर, आणि काचेच्या बाजूनं मातीचा लेप दिलाच नाही. काच हीच तिची मागची भिंत. खोलीत उभं राहिलं की मडक्याचा आतला भाग समोर.

तुम्ही सगळ्यांनी कीर्तनात भ्रमरकीटक न्याय ऐकलाय. कुंभारीण, म्हणजे हीच कुंभारमाशी, अळीला पकडून आणते, मातीच्या घरात कोंडते, आणि अळी तिचंच ध्यान करत करत अखेर कुंभारीण होऊन बाहेर पडते. भक्तीसाठी हा दृष्टान्त फार सुंदर आहे आणि मला तो अजूनही आवडतो. ज्यानं तो प्रथम सांगितला त्यानं निरीक्षणही नीट केलं होतं, कारण आत जाते ती अळी आणि बाहेर येते ती माशी, हे खरंच आहे. मधलं पान तेवढं त्याला दिसलं नव्हतं. जाँ-आन्री फाब्र या फ्रेंच निरीक्षकानं ते एकोणिसाव्या शतकात मडक्याला बाजूनं भोक पाडून पाहिलं. माशी आधी मडक्याच्या छताला बारीक धाग्यानं अंडं टांगते, आणि मग डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या आत भरते. अळ्या मेलेल्या नसतात, थोड्या वळवळतात. अंडं खाली असतं तर चिरडलं असतं, म्हणून ते अधांतरी.

मला ते लोंबणारं अंडं भोक न पाडता समोर दिसत होतं आणि त्याचा फोटो निघत नव्हता. मडक्यात काळोख. फ्लॅश समोरून मारला की काचेत फ्लॅशच दिसायचा. बाहेरचं ऊन डोळ्यांवर, आणि काचेत माझा शर्ट. यात नवी लेन्स काय करणार? उपाय सगळा प्रकाशाचा होता. लेन्स काचेला अगदी काटकोनात धरली. काळ्या छत्रीचं कापड मधोमध भोक पाडून लेन्सभोवती गुंडाळलं, म्हणजे खोलीतलं काही काचेत उमटणार नाही. फ्लॅश तारेनं कॅमेऱ्यापासून वेगळा काढून बाजूनं इतका तिरका धरला की काचेवरून परतणारी झळ लेन्सच्या बाहेर निघून जाईल. पुढे ट्रेसिंग पेपरचा लहानसा तुकडा, कारण मोठा लावला की त्याची कड काचेत दिसायची. लेन्स जुनी पन्नासची, मागे एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे एक रिकामी नळी. तेवढ्यावर धागा आला, अंडं आलं, खालच्या हिरव्या अळ्यांची वळवळही आली. मधल्या वेळात काचेवर पुठ्ठा लावून ठेवायचो, म्हणजे तिच्या घरात काळोख राहील. अंड्यातून निघालेलं पिल्लू छतालाच लटकून खालच्या अळीला तोंड लावताना मी पाहिलं. पुढे अळ्या संपल्या, कोष झाला, आणि मातीला गोल भोक पाडून नवी माशी निघून गेली. ते फोटो आमच्या गावातल्या कीर्तनकारबुवांना दाखवले तर ते कितीतरी वेळ नुसते बघत राहिले, आणि मग म्हणाले, ‘पुढच्या सप्ताहात हे सांगतो.’ आणि सांगितलंही, न्यायासकट.

मी पहिला प्रश्न ‘कीटक काय करतोय’ हा म्हणतो तो यासाठी. ते माहीत नसलं की काय होतं, हेही सांगतो, कारण त्याचा मला राग आहे. एका प्रदर्शनात प्रार्थनाकीटकाचा फोटो पहिला आला होता. पुढचे पाय वर, पंख फाकलेले, आणि खाली लिहिलेलं ‘आनंदनृत्य’. मंडळी, तो नाच नव्हे. तो घाबरलेला जीव स्वतःला मोठं करून दाखवत होता. कुणीतरी त्याला काडीनं डिवचत होतं आणि आपण त्याला बक्षीस दिलं. फ्रिजमध्ये ठेवून गारठवलेले कीटक, ग्लिसरीनचे थेंब, गोंदानं चिकटवलेले पाय, हे सगळं लोक करतात. हे ओळखायला शिका. जिवंत मुंगीच्या मिशा सतत काहीतरी चाचपत असतात, गारठवलेलीच्या लुळ्या पडतात आणि पाय पोटाशी ओढलेले असतात. थंडीतला कीटक हवा असेल तर पहाटे उठा. कीटक स्वतःची ऊब फारशी राखत नाहीत, त्यामुळे सूर्य वर येईपर्यंत चतुर आणि त्यांच्यासारखेच पण बारीक अंगाचे टाचण्या नावाचे कीटक गवतावर दवासकट बसून असतात. फ्रिजचं काम आपली पहाट फुकट करते.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली आहेत. बरं, साधनं भराभर सांगतो.

तुमच्याकडे ५५-२५० किंवा ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स असेल तर पुढे लावायचं क्लोजअप भिंग घ्या. एकाच काचेचं स्वस्त नको, कडेला रंग फुटतात. रेनॉक्स डीसीआर-२५० हे आठ डायॉप्टरचं आहे, डायॉप्टर म्हणजे चष्म्याच्या नंबरासारखं भिंगाच्या ताकदीचं माप. झूम २५० वर आणि फोकस अनंतावर ठेवला की दुप्पट मोठं चित्र मिळतं, कीटक भिंगापासून साडेबारा सेंटिमीटरवर, आणि प्रकाशही जवळपास आटत नाही. सुरुवात करणाऱ्याला मी आधी हेच सांगतो.

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे आत काच नसलेली नळी. १२, २० आणि ३६ मिलिमीटरचा संच पन्नासच्या लेन्समागे लावला की वन इज टू वनच्या पुढे जाता. विजेचे संपर्कबिंदू असलेलीच घ्या, नाहीतर आजच्या बहुतेक लेन्सचं अपर्चर हलत नाही. रिव्हर्स रिंग, म्हणजे लेन्स उलटी बसवायची कडी, सगळ्यात स्वस्त. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स उलटी लावा, झूम अठरा मिलिमीटरवर ठेवला की प्रचंड मोठं चित्र येतं. पण कीटक लेन्सला टेकेल इतका जवळ जातो आणि लेन्सची मागची काच उघडी पडते, पावसात जपा.

खरी मॅक्रो लेन्स घ्यायचीच तर ९० ते १०५ मिलिमीटरची. साठची घेतलीत तर जवळ जावं लागतं, कीटक उडतो आणि आपलीच सावली पडते. जुनी, हातानं फोकस करायची सेकंडहँड लेन्स छान चालते, कारण इथे फोकस रिंगनं होत नाही, आपण पुढे-मागे झुकून करतो. कॅननची १९९९ सालची एमपी-ई ६५ एकपट ते पाचपट जाते, पण दूरचं काही टिपतच नाही. ती पहिली लेन्स म्हणून घेऊ नका.

तिपाई शेतात उघडेपर्यंत कीटक गेलेला असतो. त्यापेक्षा वेताची काठी डाव्या हातात धरा आणि लेन्स त्याच मुठीवर टेकवा. फोकस स्टॅकिंगबद्दल, म्हणजे थोड्या थोड्या अंतरावर फोकस करून काढलेले फोटो जोडून एक चित्र करण्याबद्दल, विचारणार आहात, माहीत आहे. लेव्हन बिस या ब्रिटिश छायाचित्रकारानं २०१६ साली ऑक्सफर्डच्या संग्रहालयात मांडलेली एकेक प्रतिमा आठ हजारांहून जास्त फोटो जोडून केली होती, पण ते कीटक संग्रहातले, टाचणीवरचे होते. जिवंत कीटकावर पहाटे पाच-सहा फोटो जोडता आले तरी खूप. मोबाइलवाल्यांनी नाराज होऊ नये. मॅक्रोची सोय असलेला फोन संथ कीटकांना पुरतो, फक्त फोनची सावली पडू नये म्हणून बाजूनं पांढरा कागद धरा.

आणि आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागते. कातडी पिशवीत लेन्स ठेवू नका. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवा, साठच्या वर गेला की जेल तापवून वाळवा.

वेळ संपली. फ्लॅश आणि कागद कसा बसवायचा ते हातानं बघायचं असेल तर टेबलापाशी या. भात पिकायला आलंय, बाहेर व्हरांड्यातल्या दिव्यावर हिरवे तुडतुडे आलेलेच असतील, त्यांच्यावरच करून बघू.