जे कधी वाजवलंच नव्हतं, ते पुन्हा वाजवताना

फ्रेंच संगीतकार ज्याँ-मिशेल जार यांचा ‘ऑक्सिजेन’ हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा आल्बम डिसेंबर १९७६ मध्ये फ्रान्समध्ये निघाला. २००७ साली त्यांनी तो अख्खा नव्याने ध्वनिमुद्रित केला. सहा भाग तेच, क्रम तोच, वाद्यंही त्याच काळातली. मग हा खटाटोप कशासाठी, असं कुणीही विचारेल. माझं म्हणणं असं की १९७६ मध्ये हा आल्बम तयार झाला, पण तो सलग असा कुणीच वाजवला नव्हता. तो वाजवला गेला २००७ मध्ये.

हे कळायला आधी १९७६ च्या त्या घरात जावं लागेल. पॅरिसमधलं राहतं घर, स्वयंपाकघराच्या जागेत थाटलेला स्टुडिओ आणि तिथे आठ ट्रॅकचं, म्हणजे आठ थर वेगवेगळे नोंदवणारं, एक टेप मशीन. जार एक थर वाजवायचे, टेप मागे घ्यायचे, तो ऐकत दुसरा थर चढवायचे. मिशेल गाइस यांच्यासारख्या जाणकाराची मदत होती, पण बहुतेक सगळं वाजवणारा माणूस एकच. आपण ऐकतो तो मेळ त्या खोलीत एका वेळी कधी घुमलाच नाही. तो फक्त टेपवर होता.

वाद्यांबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. त्या आल्बममधला तो लांबच लांब, हलत राहणारा तारवाद्यांसारखा नाद आठवा. तो कुठल्या महागड्या सिंथेसायझरचा, म्हणजे विजेच्या मदतीने नाद घडवणाऱ्या यंत्राचा, नाही. हॉलंडमध्ये बनलेला ‘एमिनेंट’ नावाचा घरगुती ऑर्गन आणि त्याला जोडलेला, गिटारवाले पायाशी ठेवतात तो ‘स्मॉल स्टोन’ फेझर, म्हणजे नादाला लाटेसारखं हलवणारी डबी, एवढंच. तालासाठी कॉर्गचं ‘मिनी पॉप्स’. ऑर्गन वाजवणाऱ्याला साथ मिळावी म्हणून केलेली ही पेटी. बटण दाबलं की रुंबा, दुसरं दाबलं की वॉल्ट्झ. जार यांनी दोन बटणं एकदम दाबली आणि ती वर येऊ नयेत म्हणून चक्क चिकटपट्टी लावली. दोन ठरीव ताल एकमेकांत मिसळले आणि बनवणाऱ्याच्या मनातही नसलेला तिसरा ताल निघाला. मेलोट्रॉन या पट्ट्यांच्या वाद्याची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असते, पट्टी दाबली की ती सरकते आणि साधारण ८ सेकंदांत संपते. बोट उचलल्यावर स्प्रिंग तिला मागे ओढते. म्हणजे सूर किती लांबवायचा हे वाजवणाऱ्याच्या हातात नाही, फितीच्या लांबीवर आहे.

हे सगळं पुन्हा उभं करायचं म्हणजे काय, ते लक्षात घ्या. ‘व्हीसीएस ३’ सारख्या सिंथेसायझरला स्मरणशक्ती नाही. छोट्या चौकटीत पिना खोचायच्या, खुंट्या फिरवायच्या आणि कानाला पटेपर्यंत थांबायचं. आज जमलेला आवाज पुसला की गेला. शिवाय खोली तापली की सूर सरकतो. मैफल चालू असताना तंबोरा परत जुळवावा लागतो, तसं या यंत्रांचं आहे. या संगीताची स्वरलिपी लिहिता येईल, पण त्याचा निम्मा जीव त्या पिनांमध्ये आणि खुंट्यांमध्ये असतो आणि तो कागदावर उतरत नाही.

२००७ मध्ये बेल्जियममधल्या लिंट गावच्या एका चित्रीकरण स्टुडिओत ही जुनी यंत्रं मांडली गेली. प्रेक्षक नाहीत. जार, फ्रान्सिस रिंबेर, क्लोद सामार आणि दोमिनिक पेरिये असे चौघे. जे एका माणसाने थराथराने केलं होतं ते आता चौघांमध्ये वाटून, एकमेकांकडे बघत वाजवायचं होतं. कुणाचा हात कधी मोकळा होतो, कुठली खुंटी कोण फिरवणार, हे प्रश्न १९७६ मध्ये पडलेच नव्हते. चित्रफीत पाहताना मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. ज्या संगीताला लोक यंत्रांचं संगीत म्हणून बाजूला सारत होते, त्यात हाताचं काम किती आहे ते डोळ्यांना दिसतं.

अमेरिकी संगीतकार वेंडी कार्लोस यांनी अगदी उलट वाट धरली. अठराव्या शतकातले जर्मन संगीतकार बाख यांच्या रचना मूग सिंथेसायझरवर बसवलेला त्यांचा ‘स्विच्ड-ऑन बाख’ १९६८ चा. ते मूग एका वेळी एकच सूर काढी, म्हणून बाखची प्रत्येक ओळ वेगळी वाजवून जोडावी लागली. १९९२ मध्ये त्यांनी तोच आल्बम ‘स्विच्ड-ऑन बाख २०००’ म्हणून नव्याने केला, पण मूग बाजूला ठेवून, डिजिटल वाद्यांवर. आणि मुख्य म्हणजे, आजच्या पियानोचं समान अंतराचं सप्तक सोडून बाखच्या काळाला जवळची स्वरजुळणी घेतली. पेटीचे स्वर आणि गळ्यातले स्वर यांतला फरक ज्यांच्या कानांना ठाऊक आहे, त्यांनी हे जरूर ऐकावं. कार्लोस यांना ते पहिल्यापासून हवं असावं असं ऐकताना वाटतं, पण १९६८ मध्ये सूर नुसता जागेवर ठेवणं हीच मोठी लढाई होती.

कार्लोस यांच्याकडे बाखची लिखित संहिता होती, म्हणून वाद्य बदलणं त्यांना परवडलं. जार यांच्याकडे संहिता म्हणजे ती यंत्रंच, त्यामुळे एमिनेंट आणि मिनी पॉप्स शोधून आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १९९७ आणि २०१६ मध्ये त्यांनी ‘ऑक्सिजेन’चे पुढचे भागही काढले, पण ती नवी रचना, तिथे हा पेच नाही.

नव्या ध्वनिमुद्रणात गेलं काय, तेही सांगायला हवं. खालचे सूर स्वच्छ झाले, प्रत्येक वाद्य वेगळं कळतं. पण जुन्या आवृत्तीत टेपचा तो बारीक सूंसूं आवाज आणि त्यात विरघळलेले कडेचे नाद यांनी एक धुकं तयार केलं होतं. त्या धुक्यामुळे अंतर जाणवायचं, लांबून काहीतरी येतंय असं वाटायचं. नवीन आवृत्तीत सगळं जवळ आलं. मला त्या धुक्याची उणीव भासते. तरीही शिकणाऱ्याने आधी २००७ ची चित्रफीत बघावी, असंच मी सांगेन.

आता दोन्ही आवृत्त्यांमधला चौथा भाग लागोपाठ लावतो. आधी मिनी पॉप्सकडे कान द्या, मग त्यावर तरंगणाऱ्या एमिनेंटकडे. त्यानंतर तुमचे प्रश्न घेऊ.