नवा फ्लॅट: सांगितलेला भाव आणि हाती येणारं घर

साइट ऑफिसमधून निघताना हातात एक कॉस्ट शीट असते. तिच्यावरचा ठळक आकडा म्हणजे घराची किंमत नव्हे. घर किती चौरस फूट आणि त्यासाठी आपल्या खिशातून एकूण किती रुपये जाणार, हे आपणच वेगळ्या कागदावर मांडायचं असतं. आज तो कागद कसा भरायचा ते पाहू.

उदाहरण घेऊ पुणे महापालिका हद्दीतल्या बांधकाम चालू असलेल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचं. करारनाम्यात लिहायची किंमत ७० लाख, रेरा कार्पेट, म्हणजे कायद्याच्या व्याख्येतलं घराच्या आतलं क्षेत्रफळ, ६५० चौरस फूट. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला.

आधी क्षेत्रफळ. स्थावर संपदा कायदा (रेरा) २०१६ चा. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा हे या कायद्याचं राज्यातलं प्राधिकरण काम करू लागलं आणि विक्री कार्पेटवरच करायची हे पक्कं झालं. तरी तोंडी बोलण्यात ‘सेलेबल’, म्हणजे कार्पेटमध्ये जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटा मिळवून फुगवलेलं क्षेत्रफळ, अजून निघतोच. कार्पेटवर ४० टक्के लोडिंग, म्हणजे ही वाढ, धरली तर ६५० चे ९१० होतात आणि ७० लाखांचा दर ७,७०० च्या आत दिसतो. तोच दर कार्पेटवर काढला तर जवळपास १०,७७० येतो. दोन प्रकल्पांची तुलना करताना एकाचा सेलेबल दर आणि दुसऱ्याचा कार्पेट दर समोरासमोर ठेवला, की सगळा हिशेब कोलमडतो.

कायद्यातल्या कार्पेटमध्ये घराच्या आतल्या भिंतींची जाडी धरलेली असते. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस धरलेले नसतात. म्हणून खोल्यांची मापं घेऊन बेरीज केली तर ती ६५० पेक्षा कमी भरते, त्यात फसवणूक नाही. पण ‘युजेबल कार्पेट ७१०’ असं छापलेलं असेल, तर त्यात बाल्कनी आणि ड्राय बाल्कनीचे फूट मिसळलेले असतात. ते वेगळे लिहून मागा. करारात चौरस मीटर असतात, त्यांना १०.७६४ ने गुणलं की फूट मिळतात. ताब्याच्या वेळी कार्पेटमध्ये ३ टक्क्यांपर्यंतचा फरक आदर्श करारनाम्यात चालतो. त्याहून कमी भरलं तर जास्तीचे पैसे व्याजासह परत मागता येतात.

आता पैसे. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३.५० लाख. ४५ लाखांपर्यंतच्या आणि ठरलेल्या क्षेत्रफळातल्या परवडणाऱ्या घरांना १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर हा कर लागतच नाही. पुण्यात मुद्रांक शुल्क सगळं मिळून ७ टक्के, म्हणजे ४.९० लाख. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर त्यात १ टक्का सवलत, इथे ७० हजार वाचतात. रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे येणारं, मूल्य करारातल्या किमतीहून जास्त असेल, तर शुल्क त्या मूल्यावर भरावं लागतं. नोंदणी फी ३० हजार. दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतात. फुटाला ४ रुपये आणि ७०० फूट धरले तर ६७,२०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ७९ हजार. झाले साडेएकोणऐंशी लाख. यात स्वयंपाकघराची कपाटं, खिडक्यांच्या जाळ्या, गीझर, पंखे, दिवे यांचे साडेचार लाख मिळवा. एकूण ८४ लाख. भागिले ६५०, तर फुटाला १२,९०० च्या वर. दुसऱ्या फ्लॅटशी तुलना या आकड्याने करा, जाहिरातीतल्या दराने नको.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस (बिल्डरच्या नावे आगाऊ कापायचा आयकर) कापून भरणं ही खरेदीदाराची जबाबदारी. हे पैसे किमतीतलेच असतात, पण भरायचे राहिले तर व्याज आणि दंड आपल्यावर येतो.

‘वीस टक्के तुमचे, बाकी बँकेचे’ हे वाक्यही तपासून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी धरत नाहीत. म्हणजे कर्ज ५६ लाख आणि स्वतःचे १४ नव्हे, तर ८४ मधून ते वजा जाता २८ लाख लागतात. जीएसटी कर्जात धरणार का, हे बँकेला आधीच विचारा. ५६ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता सुमारे ४८,६०० रुपये बसतो. बुकिंगची रक्कम आणि पहिले दोन हप्ते भरून झाल्यावर नोंदणीलाच पैसे उरलेले नाहीत, अशी अडचण बहुतेक इथूनच सुरू होते.

हे सगळं देऊन नवेपणाचं आपण किती मोजतो? शेजारच्याच सोसायटीतला दहा वर्षं जुना, तेवढ्याच कार्पेटचा फ्लॅट ६२ लाखांना मिळतोय असं धरा. जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क ४.३४ लाख, नोंदणी ३० हजार, दलाली १ टक्का, दुरुस्ती आणि रंगाला ५ लाख. सव्वाबहात्तर लाखांत विषय संपतो. नव्याचे पावणेबारा लाख जास्त, शिवाय ताबा अडीच वर्षांनी असेल तर महिना २० हजारांनी ६ लाख घरभाडं, आणि उचललेल्या कर्जावरचं व्याज वेगळं. या साधारण अठरा लाखांत नवी लिफ्ट, हक्काचं झाकलेलं पार्किंग आणि इमारतीचं जास्त आयुष्य मिळतं. ज्यांना तिथे पंचवीस वर्षं राहायचंय, त्यांना ते परवडतं असं माझं मत आहे. ज्यांची पाच-सात वर्षांत बदली किंवा मोठं घर ठरलेलं आहे, त्यांनी जुनं घर नीट तपासून घ्यावं. कारण विकायला निघालो की नवेपणाचे पैसे परत मिळत नाहीत. इमारत जुनी होत जाते, किंमत टिकते ती जागेची आणि जमिनीतल्या हिश्श्याची.

नकाशाकडे येतो, कारण इथे लाख लाख रुपये डोळ्यांदेखत वाया जातात. साडेतीन फूट रुंद आणि चौदा फूट लांब पॅसेज म्हणजे ४९ चौरस फूट. आपल्या दराने सव्वासहा लाखांचा! तोच पॅसेज सहा फुटांत आटोपला असेल, तर तेवढ्याच कार्पेटमध्ये हॉल मोठा होतो. दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये दोन फूट खोल कपाट आणि सहा बाय साडेसहाचा पलंग काढून बघा. दहा फुटांतून पलंगाची सहा आणि कपाटाची दोन गेली, की मधे चालायला दोनच फूट उरतात आणि कपाटाचं दार धड उघडत नाही. त्यात कोपऱ्यातला कॉलम नऊ इंच आत आलेला असेल तर पलंग भिंतीला लागतच नाही. सॅम्पल फ्लॅटमध्ये हे जाणवत नाही, कारण तिथे फर्निचर लहान मापाचं केलेलं असू शकतं आणि बेडरूमला दारंच बसवलेली नसतात. टेप घेऊन जा आणि पलंगच मोजा.

कागदपत्रांत महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची पूर्ण होण्याची तारीख, मंजूर नकाशे, चालू दावे आणि जमिनीवरचा बोजा, म्हणजे कर्ज किंवा गहाण, पाहा. प्रकल्पावर कर्ज असेल तर त्या बँकेचं ना हरकत पत्र आपल्या फ्लॅटसाठी मागा. नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला मनाई आहे. पुढचे हप्ते कामाशी बांधलेले असतात: करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोतं (पाया आणि जमिनीलगतचं काम) झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०. तिसरा स्लॅब चालू असताना ७० टक्के मागितले, तर आर्किटेक्टचा दाखला मागा. ताबा लांबला तर भरलेल्या पैशांवर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (कर्जाच्या व्याजाचा आधारदर) २ टक्के जास्त दराने व्याज मिळायला हवं. खुलं पार्किंग सामाईक जागेत येतं, ते विकता येत नाही.

भोगवटापत्राशिवाय (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) ताबा घेऊ नका, ‘फर्निचरच्या कामासाठी चावी’ हा प्रकारही नको. चावी घेतली की उशिराच्या व्याजावर वाद सुरू होतो, आणि भोगवटापत्र नसलेल्या इमारतीला पाण्याच्या नियमित जोडणीपासून अडचणी येतात. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी, सोसायटीच्या नावे कधी करणार, ते करारात वाचा. बिल्डरने टाळलं तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव (बिल्डरच्या सहीशिवाय होणाऱ्या) अभिहस्तांतरणासाठी अर्ज करू शकते, पण त्यात वेळ आणि वकिलाचे पैसे जातात. उद्या पुनर्विकास निघाला तर हाच कागद लागणार आहे.

ताबा घेण्याआधी अर्धा दिवस काढा. बाथरूमच्या फरशीवर पाणी ओतून ते नहाणी ट्रॅपकडेच धावतंय का पाहा. ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी साठवू द्या आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल येते का ते तपासा. टाइलवर काठीने हलकं ठोकत जा. पोकळ आवाज आला की खाली मसाला भरलेला नाही, तिथे पुढे तडा जातो. बीमच्या खाली, जिथे वीटकाम आणि काँक्रीट जुळतं, तिथली बारीक आडवी भेग बहुतेक वेळा जाळी न लावता प्लास्टर केल्याची खूण असते. पश्चिमेकडच्या भिंती शक्य तर पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर बघा.

ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष निघाला, तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. मात्र त्यासाठी फोनवर सांगणं पुरत नाही. फोटो, तारीख आणि फ्लॅट क्रमांक घालून ईमेल करा, आणि त्याची एक प्रत सोसायटीच्या दप्तरी ठेवा.